आठ मीटर पट्टी

दोराच्या दुकानात माणसं दोन कारणांनी येतात. कुणाला काहीतरी बांधायचं असतं, कुणाला काहीतरी ओढायचं असतं. तो आला तो मामांचा चष्मा घेऊन.

मामा म्हणजे दुकानाचे मालक, आणि गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर बसलेली ती त्यांची भाची. सहा वर्षं ती दोर, दोऱ्या, पट्ट्या, कड्या विकत होती. कुणाला काय लागणार हे गिऱ्हाइकाच्या चपलांवरून ओळखायची आणि त्यानं तोंड उघडायच्या आत कात्री उचलायची. तो दोन गल्ल्या सोडून चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. मामांची नवी भिंगं तयार झाली होती आणि ती पोचवायची घाई होती, कारण मधल्या चार दिवसांत मामांनी एका माणसाला झोपाळ्याचा दोर म्हणून बैलाची वेसण विकली होती.

चष्मा मामांच्या नाकावर चढला. मामांनी आधी रस्ता पाहिला, मग भाची पाहिली, मग भिंगवाला पाहिला आणि समाधानानं मान डोलावली. काम झालं होतं. पण तो दारातच अडखळला. भिंतीवर नायलॉनच्या चपट्या पट्ट्यांची रिळं ओळीनं टांगलेली होती, तिकडे बघत राहिला.

"कशाला हवी?" तिनं विचारलं.

"घळीत उतरायला."

चपलांवरून हे काही ओळखता आलं नव्हतं. पुढचा पाव तास तो बोलत होता, आणि तो बोलका माणूस नव्हता, हे त्याच्या कानांच्या लाल रंगावरून कळत होतं. घळीत पाण्याबरोबर उतरत जायचं. वाटेत धबधबा आला की काठच्या झाडाला किंवा दगडाला पट्टी गुंडाळायची, तिच्यात कडी अडकवायची, कडीतून दोर दुहेरी सोडायचा, उतरायचं आणि खालून एक टोक ओढून दोर काढून घ्यायचा. पट्टी आणि कडी मात्र वरच राहतात. त्यांना आणायला परत कोण चढणार?

"म्हणजे तुम्ही माझ्याकडून वस्तू नेणार ती टाकून यायला."

"टाकून नाही… ठेवून."

तिला हा फरक आवडला. मग तिनं दुकान उलगडलं. शिवून तयार मिळणारे पट्टीचे फास, म्हणजे स्लिंग, महाग आणि ठरावीक लांबीचे. ते सोबत असावेत, पण मागे सोडायला रिळावरची साधी पट्टी कापून घ्यावी, झाडाच्या मापानं. ही दुसरी, बारीक आणि चकचकीत, वजनाला हलकी आहे, पण ती गाठ धरत नाही. दिसायला देखणी आणि शब्दाला कच्ची. गाठीची शेपटं चार बोटं तरी बाहेर हवीत. आणि दोराला स्वतःला अडकवून घ्यायला ही सहा मिलीमीटरची दोरी. हिला मात्र मागे सोडायचं नाही.

"रंग?" त्यानं विचारलं.

"लाल छान दिसतो."

"घळीत दिसायलाच नको. पुढच्या माणसाला वाटलं पाहिजे, की इथे आधी कुणी आलंच नव्हतं."

सहा वर्षांत तिला लांबी, जाडी, वजन आणि सवलत विचारणारी माणसं भेटली होती. न दिसणारा रंग मागणारा हा पहिला. तिनं शेवाळी रंगाची आठ मीटर पट्टी मोजली, गुंडाळी केली, वर आपली खास चिमटीची गाठ मारली. त्यानं ती गाठ उलटसुलट करून अशी पाहिली, जशी तो भिंग उजेडात धरत असेल. "सुरेख," म्हणाला, आणि गेला.

पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा आला. आठ मीटर. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. मामा नव्या चष्म्यातून हे सगळं बघत आणि त्या वेळी नेमके गोदामात काहीतरी शोधायला जात. गोदामात शोधण्यासारखं काही नव्हतं. भाची त्याला घळीबद्दल विचारायची; तो सांगायचा, कसा एखादा दगड हत्तीएवढा असून डुगडुगतो आणि एखादं मनगटाएवढं झुडूप मुळांनी कातळ धरून बसतं; आधी हलवून, मग भार टाकून, मग बाजूनं ओढून पाहायचं, आणि तरीही शंका आली तर सोडून द्यायचं. इतक्या शांत माणसाच्या तोंडून 'सोडून द्यायचं' ऐकताना तिला उगाच काळजी वाटायची.

सहाव्या शुक्रवारी ते बिनसलं. त्याच सकाळी तंबूसाठी दोर घेणाऱ्या एकानं तिला सांगितलं होतं, की वरच्या घळीत हल्ली झाडाझाडाला पट्ट्यांच्या चिंध्या लोंबतात, धोब्याचा घाट बरा. भाचीनं मनातल्या मनात, आजची धरून, आठला सहानं गुणलं. तो दारात आला तेव्हा तिचा पारा चढलेला होता.

"अठ्ठेचाळीस मीटर," ती म्हणाली. "न दिसणारा रंग मागायचा आणि डोंगरभर चिंध्या लावायच्या. तुम्हाला घळीची माया आहे म्हणे. पट्टी देते, पण मला तुमच्या त्या गप्पा आता सांगू नका."

त्याचे कान लाल झाले. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाला, गुंडाळी घेतली आणि गेला.

पुढचा शुक्रवार आला, तो आला नाही. त्याच्या पुढचाही गेला. भाचीनं एका गिऱ्हाइकाला मागितल्यापेक्षा दीड मीटर जास्त दिली आणि एकाला सुरी समजून पक्कड दिली. मामा एकदा म्हणाले, की चष्म्याची गरज आता घरात दुसऱ्या कुणाला आहे असं दिसतं. ती पट्ट्यांची रिळं पुन्हा ओळीनं लावायला लागली. पण रागावण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला काय झालं होतं, हे तिला दोन आठवडे टोचत राहिलं.

मग डॉक्टरीणबाई आल्या. या त्याच्या घळीत उतरणाऱ्या गटाच्या म्होरक्या. धंद्यानं भूल देणाऱ्या, त्यामुळे आवाज असा, की समोरचा माणूस आपोआप आकडे उलटे मोजायला लागावा. त्यांनी गल्ल्यावर पिशवी उपडी केली. सहा गुंडाळ्या. पाचांवरची चिमटीची गाठ कुणी सोडलेलीसुद्धा नव्हती.

"सामानाचं कपाट माझ्या घरी आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्यात आता माझ्या साड्या मावत नाहीत. अगं, या मोसमात आम्ही सगळी मिळून पाच मीटर पट्टी सोडली. हा मुलगा दर आठवड्याला आठ मीटर आणतो."

भाचीनं चाचरत चिंध्यांचं विचारलं.

"त्या इतरांच्या. कुजलेल्या पट्ट्या हाच कापून काढतो. जाताना याची पिशवी हलकी असते आणि येताना आम्हाला आळीपाळीनं उचलावी लागते." बाईंनी तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं, नाडी बघावी तसं. "रविवारी ये. उतरणं शिकवते मी. बाकीचं तुझं तू बघ."

रविवारी दुकान उघडं असतं. मामांनी तिला सुट्टी दिली, ती नातं म्हणून नाही. सहा वर्षं दोर विकणाऱ्यानं एकदा तरी त्याला लोंबकळून यावं, हे धंद्याला बरं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

घळ थंड होती, आणि पाणी कातळातून असं बोलत होतं की माणसांना फारसं बोलावं लागत नव्हतं. हे दोघांच्याही पथ्यावर पडलं. बाईंनी एका छोट्या टप्प्यावर तिला दोनदा उतरवून तयार केलं. तो पुढे, आपल्या कामात. तिनं पाहिलं: तो झुडपापाशी गुडघ्यावर बसला, आधी हलवलं, मग भार टाकला, मग बाजूनं ओढलं. त्याच्या आधीच्या कुणीतरी बांधलेल्या तीन फिकट पट्ट्या कापून पिशवीत टाकल्या. मग आपली एकच, शेवाळी, अशी बसवली की ती बघत असूनही पाच पावलांवरून दिसेना. शेपटं चार बोटं सोडली, बोटं लावून मोजली, आणि मग पुन्हा मोजली. कुणाच्या जिवासाठी एवढा वेळ खर्च करणारा माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. आणि त्या दोरावर तीही उतरणार होती.

मोठ्या धबधब्यापाशी सगळे खाली गेले. वर उरली ती दोघं. खालून बाईंनी तिच्या दोराचं टोक सांभाळायला हातात धरलं होतं. ती काठावर पाठ करून उभी राहिली. टाचा हवेत होत्या.

"मी तुम्हाला नको ते बोलले," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगितलं का नाहीत? आठ मीटर कशाला लागत होती, एवढं तरी?"

तो तिच्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कल तिसऱ्यांदा तपासत होता.

"गल्ल्यावर मीटरपट्टी ठोकलेली आहे… ती तुम्ही वापरत नाही. टोक नाकाशी धरता, दुसरा हात लांब करता. माप पुरं व्हावं म्हणून मान उलट्या बाजूला वळवता. मी त्या बाजूला उभा राहायचो. तोंड माझ्याकडे व्हायचं." त्यानं बक्कल सोडलं. "आठ मीटरला आठ वेळा."

"आणि दहा का नाही मागितलीत?"

"दहा… उघड दिसलं असतं."

धबधब्याचा तुषार दोघांच्या चेहऱ्यावर सारखाच येत होता. खालून बाईंनी त्या भूल देणाऱ्या आवाजात विचारलं, की वर सगळं ठीक आहे ना.

"सोमवारी आमचं दुकान बंद असतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मागच्या जिन्यानं वर घर आहे. उद्या संध्याकाळी या. विकत घ्यायला काहीही मिळणार नाही."

असं म्हणून ती मागे रेलली, दोरावर पूर्ण भार टाकला आणि पाण्याच्या बाजूनं, पायाखाली न बघता, खाली खाली गेली.

डोहात पाय टेकल्यावर तिनं दोर सोडला आणि शिकवल्याप्रमाणे लांब शिट्टी मारली: मी मोकळी झाले, पुढचा येऊ दे. वर काही हालचाल नाही. बाईंनीही एक शिट्टी मारली. मग सगळ्या गटानं मान वर करून हाका मारल्या.

"आलो," वरून आवाज आला. त्यानंतरही बराच वेळ कुणी आलं नाही, आणि काठावर दोन लाल कान तेवढे दिसत राहिले.