नारायणरावांच्या मोटारीला पोचा

"झाशीत आजवर एकही चोर माझ्या नजरेतून सुटलेला नाही," दत्तात्रेय म्हणाले. त्यांच्या पाठीमागे मांजराने दुधाचे पातेले संपवले, मिशा चाटल्या आणि खिडकीतून प्रस्थान ठेवले.

विद्याधरने हे पाहिले. पण तो खासगी गुप्तहेराचा सहायक होता. विचारल्याशिवाय मत द्यायचे नाही, हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी ठरले होते.

तेवढ्यात रेल्वेतले बडे अधिकारी नारायणराव धापा टाकत आले.

"दत्तोपंत, काल मी ललितपूरला दौऱ्यावर असताना कोणीतरी माझी मोटार नेली. डिकीला हा एवढा पोचा! ड्रायव्हर यशवंतच असणार, पण कबूल करत नाही. तुम्ही पुरावा द्या, संध्याकाळी त्याला घरी पाठवतो."

बंगल्यावर पोहोचताच दत्तात्रेयांनी पोचा पाहिला. ट्रकचा हिरवा रंग लागला होता. मग ते ड्रायव्हरच्या जागी बसले. सीटची पाठ जेमतेम खांद्यापर्यंत येत होती. "मागून ठोकर बसली आहे," ते म्हणाले. "पाणी मिळेल?"

नारायणरावांच्या पत्नी अनुसूयाबाई तांब्या घेऊन आल्या. दत्तात्रेय प्यायले. विद्याधरने तांब्या ओठांना लावला मात्र—

"अहो, वरून प्या! या घरात तांब्याला तोंड लावत नाहीत."

विद्याधर वरून प्यायला. निम्मे पाणी सदऱ्याने प्यायले.

पहिला यशवंत. "मी काल बहिणीकडे गेलो होतो, साहेबजी. बरुआसागरला."

"मग मोटार कोणी नेली?"

यशवंतने खांद्यावरचे फडके काढून त्याची घडी घातली.

"तुला माहीत आहे."

"नोकरी गेली तरी चालेल, साहेबजी. नाव नाही घेणार."

दत्तात्रेय पुन्हा पाणी प्यायले आणि तांब्या यशवंतपुढे केला. यशवंतने मान मागे टाकून उरलेले गटागटा संपवले.

मग पुतण्या दिवाकर. कॉलेजात जायचा; मराठी समजायची, पण जिभेवर हिंदीच यायची. "काका, कसम से, मैं तो मॅच देखने गया था!" त्यालाही पाणी मिळाले. त्याने आढ्याकडे तोंड करून इतक्या उंचावरून धार सोडली की नाकही धुऊन निघाले. त्याच्याबरोबर दत्तात्रेयही प्यायले.

साहेबांना मधुमेह झाला असावा, असे विद्याधरला वाटू लागले.

शेवटी अनुसूयाबाई स्टुलावर येऊन बसल्या. "यशवंतला काढू नका हो. सज्जन आहे तो. कालपासून माझं डोकं नुसतं ठणकतंय. चाळिशी बदलायला हवी."

मागून नारायणरावांनी हाक मारली. बाई स्टुलासकट वळल्या.

"तुम्हीही घोटभर घ्या, वहिनी," दत्तात्रेय म्हणाले आणि सोबत म्हणून स्वतः तांब्याभर प्यायले. बाईंनी फुलपात्रात पाणी ओतले आणि पदराआड हळूच ओठांना टेकवले.

दत्तात्रेयांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावले.

"यशवंतच ना?" विद्याधर कुजबुजला.

"उभ्या मोटारीला मागून धक्का बसला," दत्तात्रेय म्हणाले, "की धड पुढे जातं आणि डोकं मागे राहतं. सीट खांद्याशी संपते, त्यामुळे मानेला आधार नाही. चाबकासारखा हिसका बसतो. त्या वेळी काही जाणवत नाही, माणूस पदर झटकून घरी येतो. दुसऱ्या दिवशी मान आखडते, डोकं ठणकतं. सगळ्यांनाच होतं असं नाही. पण ज्याला झालं, त्याला मागची हाक ऐकून मान वळवता येत नाही, की मान टाकून वरून पाणी पिता येत नाही."

सगळ्यांच्या नजरा फुलपात्राकडे गेल्या.

"मीच नेली," अनुसूयाबाई म्हणाल्या.

"तुला कुठे चालवता येते?" नारायणराव किंचाळले.

"तुम्ही दौऱ्यावर असता तेव्हा यशवंतने शिकवली. एकदा तरी आपल्या हातांनी चालवत महालक्ष्मीच्या देवळात जावं, एवढंच मनात होतं. रेल्वे फाटकाशी मोटार थांबवून उभी होते, मागून दुधाचा ट्रक येऊन आदळला. संध्याकाळच्या आत सांगणारच होते, धीर होईना. खंडेराव गेटचा मालिशवालाही बोलावलाय. एका झटक्यात मान मोकळी करतो म्हणतो."

दत्तात्रेय ताडकन उठले. "त्याला दारातूनच परत पाठवा! मान चोळायची नाही, मोडायची तर मुळीच नाही. हाताला मुंग्या येतात?"

"डाव्या बोटांना. सकाळपासून."

"मग आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे!"

नारायणराव यशवंतपाशी गेले. "तुला सगळं माहीत होतं. नोकरी जात होती, तरी बोलला नाहीस?"

"त्यांनी माझ्या पोराला अक्षरं शिकवली, साहेबजी. मी त्यांना गिअर शिकवले. एकमेकांचं गुपित कोण फोडतं?"

नारायणरावांनी त्याचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. "चुकलो रे. काढ मोटार. जपून ने, हिसका बसू देऊ नकोस."

अनुसूयाबाईंनी हात जोडले. "दत्तोपंत, तुमच्यामुळे ह्याची नोकरी राहिली आणि माझी मान वाचली. नमस्कार मात्र उधार. बरी झाले की वाकून करीन."

नारायणराव दत्तात्रेयांकडे वळले. "तुमचे उपकार कसे फेडू? मागाल ते देतो. संकोच करू नका."

दत्तात्रेयांनी डोळे मिटले. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला.

"एकच," ते म्हणाले. "मोरी कुठल्या बाजूला आहे?"