बुधवारची शिकवणी

बुधवारा पेठेतल्या त्या गल्लीत एका वेळी एकच गाडी मावायची, आणि त्या दुपारी ती नेमकी केळ्यांची होती. पौषातलं उबदार ऊन हिरव्या घडांवर पडलं होतं. कन्याशाळेत शिकवून घरी परतणारी कुसुम गाडीमागे थांबली... थांबूनच राहिली. गाडीवान घडांना टेकून पुस्तकात डोकं घालून बसला होता. त्याच्यापेक्षा बैल शहाणे. निदान त्यांचं लक्ष रस्त्यावर होतं.

“अहो, गाडी पुढे घेता का जरा?”

तो दचकला आणि टुणकन खाली उतरला. उंच, सावळा, विशी ओलांडलेला.

“माफ करा हां. वामनराव मास्तरांचं घर शोधत होतो.”

“पुस्तकात?”

तो ओशाळला. “पुस्तकात दुसरंच हरवलंय. तुमाले इंग्रजी येते का? लुक म्हणजे बघणं, बरोबर? डाउन म्हणजे खाली. ऑन म्हणजे वर. मंग ‘लुक डाउन ऑन’... माणसानं खाली बघायचं का वर? मले तर मान मोडेल असं वाटते.”

कुसुमला हसू आवरेना. तिने पदर तोंडाशी धरला, तरी डोळे हसतच राहिले.

“खालीही नाही अन् वरही नाही. ते तीन शब्द एकत्र आले की अर्थ होतो – एखाद्याला कमी लेखणं.”

“एवढंच?” तो पुस्तकाकडे बघत राहिला. “शब्द केवढे साधे... अन् गोष्ट केवढी वाईट.”

“मास्तरांचं घर तुमच्या चाकाशेजारीच आहे,” ती म्हणाली. “मी त्यांची मुलगी.”

तो शालिग्राम, बहादरपूरच्या देवराम पाटलांचा मुलगा. मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोन्ही वेळा एकट्या इंग्रजीने त्याचा घात केला. घरचे म्हणत, केळीला पाणी द्यायला इंग्रजी कशाला हवं? पण १९३७च्या उन्हाळ्यात त्यांच्या केळ्यांनी भरलेला रेल्वेचा डबा वाटेत अडकला. तशी सूचना आली ती इंग्रजीत. गावात ती कोणाला वाचता येईना. शहरात येऊन वकिलाकडून वाचून घेईपर्यंत सगळा माल काळा पडला. तेव्हापासून शालिग्रामने मनाशी घेतलं होतं, आपल्या मालाचा कागद आपणच वाचायचा आणि आपणच लिहायचा.

वामनरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते ओसरीवर डोळे मिटून बसत. वाचणं आणि समजावणं कुसुमकडे असे. शिकवणी बुधवारी आणि शनिवारी.

“क्रियापद एकच, लुक,” कुसुम सांगे. “नजर कुठे वळायची ते मागचे चिमुकले शब्द ठरवतात. ‘लुक अप टु’ म्हणजे एखाद्याला मानणं. ‘लुक बॅक ऑन’ म्हणजे गेलेले दिवस आठवणं. आणि शेवटचा शब्द चुकला की सगळंच बिघडतं.”

“म्हणजे बैल तोच, कासरा ओढला तशी वाट बदलते.”

“तसं समजा. आता ‘लुक फॉरवर्ड टु’. पुढे नजर लावून बसणं.”

“आपल्याकडे काय म्हणायचं त्याले?”

“वाट बघणं,” कुसुम म्हणाली, आणि का कोण जाणे, तिने पुस्तकाचं पान उलटलं. “पण नुसती नाही. ज्याची वाट बघताना बरं वाटतं, त्याचीच. वाक्य करा.”

शालिग्रामने जरा विचार केला. “आय लुक फॉरवर्ड टु वेन्सडे.”

“बरोबर,” डोळे मिटलेले वामनराव म्हणाले.

कुसुमने मान वर केली नाही. “शिकवणी शनिवारीही असते.”

“शनिवारचं वाक्य घरी लिहिलंय,” तो हळूच म्हणाला. “पण ते मास्तरांसमोर वाचण्यासारखं नाही.”

“काय म्हणतोय तो?” वामनरावांनी विचारलं.

“काही नाही, बाबा... स्पेलिंग विचारताहेत.”

अख्खी गल्ली तिला कुसुमताई म्हणे. शालिग्राम मात्र पहिल्या दिवसापासून ‘मास्तरीणबाई’ म्हणायचा. “ताई म्हणायला जीभ वळत नाही का?” तिने एकदा विचारलं. “वळते ना,” तो म्हणाला, “मन वळत नाही.” त्या संध्याकाळी कुसुमच्या हातून भाकरी करपली.

माघ सरता सरता खंडव्याहून पाहुणे कुसुमला बघायला आले. मुलगा वकिली शिकत होता. बरोबर त्याचे मामा होते, मोतीलाल. बोलणं सगळं त्यांचंच. पाहुण्यांना बुधवारच सोयीचा होता, आणि गडबडीत शालिग्रामला निरोप द्यायचं राहून गेलं. कुसुम पोहे घेऊन ओसरीवर आली, तेवढ्यात तो दारात उभा राहिला. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात पिकल्या केळ्यांची फणी.

“केळीवाला का?” मामा म्हणाले. “मागच्या दारी दे रे. इथे पाहुणे बसलेत, दिसत नाही का?”

शालिग्रामने वामनरावांकडे पाहिलं. वामनराव काहीच बोलले नाहीत. मग तो कुसुमकडे न बघता वळला आणि फणी मागच्या दारी ठेवून निघून गेला.

“मुलीला इंग्रजी येतं म्हणतात,” मामा पोहे खात म्हणाले. “बोल बघू काहीतरी.”

कुसुमने ताट खाली ठेवलं. “यू लुक्ड डाउन ऑन माय फादर्स प्युपिल,” ती शांतपणे म्हणाली.

मामा खूश झाले. “वा. फाडफाड बोलते.” मुलाला मात्र ते समजलं होतं. तो कानापर्यंत लाल झाला आणि पोह्यांत बघत बसला.

तिसऱ्या दिवशी खंडव्याचा होकार आला. शालिग्राम शनिवारी आला नाही. पुढच्या बुधवारीही नाही. परीक्षा महिन्यावर आली होती. कुसुम शिकवणीच्या वेळी सतरंजी अंथरायची आणि तशीच उचलून ठेवायची.

एका सकाळी वामनरावांनी तिला जवळ बोलावलं. “त्या दिवशी तू काय म्हणालीस ते मला कळलं होतं.”

“हो, बाबा.”

“मोतीलालला ठाऊक नव्हतं तो कोण ते. मला ठाऊक होतं. तरी मी बोललो नाही. आपणही देडतलाईचे शेतकरीच, पोरी. जात त्यांची तीच आपली. पण शेण-माती मागे टाकून मी शहरात आलो ते यासाठीच, की तुझ्या वाट्याला ते नको.”

“मला काय नको, ते मला कधी विचारलंत, बाबा?” तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच वामनरावांना तो प्रश्न लागला.

त्यांनी चाचपत काठी हाताशी घेतली. “टांगा सांग,” शेवटी म्हणाले. “ऐन परीक्षेच्या तोंडावर शिकवणी बुडवतो म्हणजे काय?”

बहादरपूरला शालिग्रामची आई, सोजरबाई, अंगणात तूर पाखडत होती. मास्तर स्वतः आले म्हणताच तिची धांदल उडाली. देवराम पाटलांनी वामनरावांना हात धरून बाजेवर बसवलं. “पोरगं बागेत पाण्याची दारं धरतंय,” ती कुसुमला म्हणाली. “जा ना बाई, तूच हाक मार. आमचं तर ऐकतच नाही आठ दिवस झाले.”

केळीच्या बागेत ओली, गार सावली होती. रुंद पानांमधून ऊन गळत होतं. शालिग्राम गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात फावडं. तिला पाहून त्याने धोतराचा काष्टा सारखा केला. काय करावं ते न सुचल्यासारखा.

“तुम्ही... इथं?”

“विद्यार्थी येत नाही, मग मास्तरांनी यायचं.”

“तुमचं ठरलं म्हणे.” त्याने नजर पाण्याकडे वळवली.

“ठरलं.”

पाटातलं पाणी फुटून भलत्याच वाफ्यात शिरलं, तरी त्याला दिसलं नाही.

“नाही सांगायचं ठरलं,” कुसुम म्हणाली. “आज निघण्याआधी बाबांनी तसं पत्र टाकलंसुद्धा.”

शालिग्रामने फावडं खाली टाकलं. “मास्तरीणबाई, माझं घर मातीचं आहे. त्या मामांनी मले ओळखलं त्यात त्यांची चूक नाही. केळीवालाच आहे मी.”

“मग? मला केळी आवडतात.”

तो हसला... आठ दिवसांत पहिल्यांदा. मग एकदम गंभीर झाला. “पण मी पुन्हा नापास झालो तर?”

“तर बाबा म्हणतील, आणखी एक वर्ष शिकवणी. मॅट्रिक झाल्याशिवाय ते आपल्या दोघांचं बोलणं पुढे नेणार नाहीत, मला ठाऊक आहे.”

“चालेल की. एक वर्ष म्हणजे दर बुधवार, दर शनिवार...”

“मला नाही चालणार,” कुसुम म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. “पास व्हा, शालिग्राम. वर्षभर थांबायची माझी तयारी नाही.”

तिने पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं होतं. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग चपला काढून कुसुम चिखलात उतरली, तेव्हा कुठे त्याला भान आलं, आणि दोघं मिळून फुटलेलं पाणी पुन्हा पाटात वळवू लागली.