शिवणकाकूंची हाक

मुलांच्या समुपदेशन केंद्रातल्या ताईंच्या खोलीत घड्याळ नव्हतं. मुलांना वेळेचा धाक नको म्हणून त्यांनीच ते काढायला लावलं होतं, आणि तेव्हापासून केंद्रातली प्रत्येक मीटिंग त्यांच्यापायी उशिरा सुरू होते, अशी ऑफिसातल्या लोकांची कुरकुर होती. ताई ती कानाआड करायच्या. खोलीत एक जाजम, बुटक्या टेबलावर खेळण्यातलं लाकडी घर, रंग, मणी, लोकरीचे गुंडे, आणि खिडकीत एक पत्र्याचा डबा, कधीकाळी बिस्किटांचा.

इथे येणारी मुलं तशी धडधाकट. कुणाला खरचटलेलंसुद्धा नसायचं. घाव बसलेला असायचा तो दुसऱ्याच कुणावर तरी, शेजाऱ्यावर, मामावर, कोपऱ्यावरच्या दुकानदारावर. "आमच्या मुलाने काही पाहिलंच नाही हो," असं आईबाप शपथेवर सांगायचे, आणि मूल मात्र दाराला पाठ लावून जेवायचं. ताई म्हणायच्या, "पाहिलं नाही ना, मग ते आता मनाने रचणार. आणि मन कुठे थांबतंय!"

त्या डब्याची एक पद्धत होती. घरी न्यायला नको असेल ते मुलाने निघताना डब्यात ठेवायचं. कुणी चित्र ठेवायचं, कुणी खडा, कुणी नुसतं आत तोंड घालून कुजबुजायचं. ताई झाकण लावायच्या आणि म्हणायच्या, "आता हे डब्याचं." ज्या थोरल्या बाईंनी त्यांना हे काम शिकवलं, त्यांनी एक गोष्ट बजावून ठेवली होती. "डब्याचं म्हण, खोलीचं म्हण, पण चुकूनही माझं म्हणू नकोस. आपल्यालाही घरदार आहे." ताईंना पाच वर्षांची मुलगी होती, तिला त्या कौतुकाने बाईसाहेब म्हणायच्या. हा सल्ला त्यांनी गाठीशी बांधला होता.

चिमणी आली ती आईच्या ओढणीला धरून. सात वर्षांची, दोन वेण्या, आणि तोंडाला कुलूप. दीड महिना झाला होता, एक अक्षर नाही. शाळेने हात टेकले होते. "सुट्टीनंतरही अशीच राहिली तर वेगळ्या शाळेत घाला म्हणतात," आईने सांगितलं. "दिवसभर नुसती बडबड असायची हो घरात. आम्हीच म्हणायचो, जरा गप्प बस. आता वाटतं, जीभ का नाही झडली आमची!"

शेजारच्या घरात शिवणकाकू राहायच्या. एकट्या, घरबसल्या कपडे शिवून द्यायच्या. एका दुपारी त्यांना कुणीतरी घरात शिरून ठार मारलं. कुणी, ते अजून कळलेलं नव्हतं. चिमणी तेव्हा भिंतीच्या अलीकडे घरात होती, आजोबा घोरत होते.

"तिने काही पाहिलं नाही. आम्ही तर सांगितलंय, काकू गावाला गेल्या."

"हे मात्र बरं नाही केलंत," ताई जरा रागानेच म्हणाल्या. "दारावर पोलिसांचं सील, आणि काकू गावाला? लेकराला खोटं सांगितलं की ते बोलायचंच सोडून देतं. हिच्या जागी माझी मुलगी असती तर मी खरं तेच सांगितलं असतं."

आईने मान खाली घातली. मग सहज म्हणाली, "काकूंना जवळचं दिसायचं नाही. सुईत दोरा ओवायला हिलाच बोलवायच्या. बोटात ते अंगुस्तान असायचं ना, सुई टोचू नये म्हणून घालतात ती लोखंडी टोपी, त्या टोपीने भिंतीवर टकटक करायच्या. दोनदा भरभर आणि मग थांबून एकदा. की ही पळालीच."

पहिल्या दिवशी चिमणी लाकडी घराकडे फिरकलीसुद्धा नाही. ती भिंतीला लागून बसली आणि मणी ओवू लागली. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायची, एक डोळा मिटायची, की दोरा पार. ताई शेजारी बसून दुसरी माळ ओवत राहिल्या. विचारायचं काही नाही, हा खोलीचा नियम.

मध्येच चिमणीने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. आणि मग आवाज आला.

टक टक. टक.

पाण्याचा नळ असेल, ताईंच्या मनात आलं. पण मनाचं एवढ्यावर भागेना. चिमणी गेल्यावर त्या भिंतीपलीकडे गेल्या. पलीकडे अडगळीची खोली होती, मोडक्या खुर्च्या, जुने पडदे, वर धुळीचा थर. त्या भिंतीत नळ नव्हता. सफाईच्या मावशी फडकं पिळत म्हणाल्या, "काय शोधताय?"

"इथे कुणी ठोकत होतं का हो?"

"इथे? अहो, इथे उंदीरसुद्धा कंटाळून निघून गेलाय."

पुढच्या खेपेला ताईंनी चिमणीला मुद्दाम समोरच्या भिंतीशी बसवलं. ती भिंत बाहेरची, पलीकडे मोकळं अंगण. चिमणीने मान वळवली. टक टक, टक. आता या भिंतीतून. ताई खिडकीतून डोकावल्या. अंगणात मावशी कपडे वाळत घालत होत्या, भिंतीपासून चांगल्या लांब.

घाबरायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर ताईंना कुतूहलच जास्त वाटलं. एखादं कोडं अंगावर आल्यासारखं. आवाज दरवेळी यायचा, फक्त चिमणी असताना, आणि त्याच्या जरासं आधी तिची मान वळलेली असायची. ती आवाज ऐकून वळते, हे समजण्यासारखं होतं. पण आधी?

त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला. त्या जागी भिंत कोमट होती. इस्त्री फिरवून उचललेल्या कापडासारखी.

चौथ्या की पाचव्या भेटीत आवाज थांबेचना. टक टक, टक. टक टक, टक. चिमणीने माळ खाली ठेवली, आणि तिचे ओठ हलले.

"ती अजून बोलावते."

इतक्या दिवसांनी फुटलेला आवाज, घोगरा, मोठ्या बाईसारखा. ताईंच्या अंगावर काटा आला, आणि डोळेही भरून आले.

"त्या दिवशी पण बोलावलं. मी गेले नाही. माझी कट्टी होती. ती म्हणाली होती, दोरा वाया घालवतेस." चिमणीने नाक ओढलं. "ती खूप वेळ वाजवत होती. मग हळू वाजवलं. मग नाही."

ताई सरकून जवळ गेल्या आणि तिला कुशीत घेतलं. "ऐक बाळा. काकू गावाला गेलेल्या नाहीत. त्या मेल्या. एका मोठ्या माणसाने त्यांना मारलं. तू गेली असतीस तर तुलाही लागलं असतं. तुझ्या कट्टीचा त्यांना राग नसेल. तुझं काही चुकलं नाही. समजलं?"

चिमणी रडली. पोटभर, मोठ्याने रडली. बाहेर बाकावर बसलेली आई ते ऐकून उभीच राहिली.

मग डबा पुढे आला. चिमणीने एका बाटलीचं टोपण बोटावर चढवलं, डब्याच्या तळाशी वाजवलं, दोनदा आणि मग एकदा, आणि टोपण आत टाकलं. ताई झाकण लावू लागल्या तर तिने हात आडवा घातला.

"पण तिने परत बोलावलं तर कोण जाणार? डब्याला पाय नाहीत."

ताईंना थोरल्या बाई आठवल्या. पण समोर ते रडून लाल झालेलं नाक होतं, त्या दोन वेण्या होत्या. हिने आता पुन्हा तोंड मिटलं तर ते कधी उघडेल कुणास ठाऊक.

"मी जाईन," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"अगदी नक्की. आजपासून काकू मला हाक मारतील. तुझं काम माझ्याकडे."

चिमणीने हात काढला. झाकण बसलं. खोली एकदम गप्प झाली.

त्यानंतर भिंत वाजली नाही. चिमणी मात्र अशी बोलू लागली की विचारू नका. आई पेढ्यांचा पुडा घेऊन आली आणि हसत म्हणाली, "आता पुन्हा म्हणावंसं वाटतं, जरा गप्प बस!" शाळेचा निरोपही आला, राहू द्या हिला. ताईंना धन्य वाटलं. कुतूहल तेवढं जागच्या जागी राहिलं. एकदोनदा रिकाम्या खोलीत त्यांनी भिंतीला कान लावला. काही नाही. भिंत थंडगार.

रविवारची दुपार. ताईंचं घर चौथ्या मजल्यावर, टोकाचं. त्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून बहिणीशी फोनवर बोलत होत्या. बोलणं रंगात आलं होतं. आतल्या खोलीतून बारीक आवाज येत होता. शेजारचे काहीतरी ठोकत असतील, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्या बोलत राहिल्या. मध्ये एकदा बाईसाहेबांनी हाक मारली, "आई, बघ ना गं!"

"थांब जरा, आले!"

मग आवाज हळू झाला. मग थांबला.

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या बाजूला शेजार नाही. त्या भिंतीपलीकडे नुसता वारा.

त्या धावतच आत गेल्या.

बाईसाहेब भिंतीशी मांडी घालून बसल्या होत्या. हातात एक सुई. घरात सुया कपाटावरच्या डब्यात, मुलीच्या हाताला लागणार नाहीत अशा. ही त्यातली नव्हती. लांब, जुनी, नेढ्याशी काळी पडलेली.

तिच्यात दोरा ओवलेला होता. बाईसाहेबांना अजून बुटाची नाडीसुद्धा नीट ओवता येत नव्हती.

"ही कुठून आणलीस?"

"काकूंची आहे. तू येतेस म्हणालीस आणि आलीच नाहीस. मग मी गेले."

"कुठे गेलीस?"

मुलीने भिंतीकडे बोट दाखवलं. ताईंनी तिथे तळहात टेकवला. कोमट.

"काकू म्हणाल्या, आईपेक्षा तुझे डोळे चांगले आहेत."

ताईंनी सुई तिच्या हातातून काढून घेतली. खरं तेच सांगायचं असतं, त्यांना ठाऊक होतं. किती आईबापांना त्यांनी ते सुनावलं होतं.

"काकू आता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "काकू गावाला गेल्या."

बाईसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मोठं माणूस खोटं बोलताना मूल पाहतं, तसं.

"पुढच्या वेळेला तू जातेस, की मीच जाऊ?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

आवाज अजून यायचा होता.