कोयनानगरचा अर्धवट डाव

"माज्यावर चोरीचा आळ आलाय, सायेब. आन् चोरीला काय गेलंय, तर एक फोटू," असं म्हणून गुंडा दारातच उभा राहिला.

१९७४ सालचा हिवाळा. साताऱ्यात खासगी तपासाची कामं घेणारा कृष्णात देशमाने चहा पीत होता. त्याचा दोस्त नाथाजी हसणार होता, पण गुंडा बोलू लागला तसं त्याचं हसू मावळलं.

कोयनेचं धरण बांधताना चार मित्र जमले होते: मुकादम लालासाहेब, गवंडी गुंडा, फिटर धोंडिराम आणि त्याचा धाकटा भाऊ जालिंदर. काम सुटलं की पत्र्याच्या शेडमध्ये घोंगडं पसरून रमीचा डाव बसायचा. भिंत पुरी झाली तेव्हा चौघांनी एकत्र फोटो काढला, प्रत्येकाला एकेक. पुढं मोठ्या भूकंपात जालिंदर गेला, त्याचा फोटोही गेला. गुंडाचं घर फोटोसकट गाडलं गेलं. तरी राहिलेल्या तिघांनी रविवारचा डाव मोडला नाही.

आता लालासाहेब मुलाकडे कुपवाडला कायमचे निघाले होते. त्यांच्या घरी शेवटच्या डावात जमीन हादरली, सगळे बाहेर पळाले. परत येऊन पाहतात तर आतल्या खोलीतला लालासाहेबांचा तळहाताएवढा फोटो गायब. धक्क्याच्या वेळी आत गेला होता एकटा गुंडा, पेटता स्टो बंद करायला.

"परवा लालासाहेब जाणार. चोर म्हणून त्यास्नी निरोप कसा देऊ?" गुंडाने विचारलं.

तिघे दुपारच्या एसटीने कोयनानगरला निघाले. घाटाच्या वळणांनी नाथाजीचा जीव मेटाकुटीला आला. पण लालासाहेबांच्या सोप्यातल्या घोंगड्यावर पत्ते पाहिले आणि त्याला हुशारी आली. अर्धा डाव मोडायचा नाही, पुढच्या वेळी पुरा करायचा, असा त्या मित्रांचा रिवाज. पत्ते जागच्या जागी पालथे होते.

कृष्णातने एकेकाचे उलटून पाहिले. दाराजवळचे गुंडाचे: नुसती रद्दी, दोन पानं एकमेकांना ओळखत नव्हती. भिंतीकडचे लालासाहेबांचे, बरे. खिडकीपाशी इस्पिकची पाच-सहा-सात-आठ, तीन राण्या, वर जोकर. अशा पानांसाठी आपण जेवणावरून उठलो असतो, असं नाथाजीच्या मनात आलं. त्याला आपली कॉलेजातली रमी आठवली आणि उगाच गलबलून आलं.

चौकशी सुरू झाली. धक्का बसला तेव्हा शेजारच्या साळूबाई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मागून कोणी आलं-गेलं नाही, गुंडाने आपल्याला हाताला धरून बाहेर काढलं, एवढं त्यांनी शपथेवर सांगितलं. "एक हात तुज्या हातात व्हता. दुसऱ्याचं काय?" लालासाहेब कडवटपणे साळूबाईंना म्हणाले.

धोंडिराम आला आणि सवयीने खिडकीपाशी जाऊन बसला. धक्का बसला तेव्हा आपण सोप्यात चहा वाटत होतो, असं तो म्हणाला. "आन् माजा फोटू माज्याकडं हायच की. गावाकडं, ट्रंकेत."

लालासाहेबांनी मान डोलावली. जो पहिला पॅक होईल, म्हणजे डाव सोडील, त्याने आत जाऊन चहा करायचा, हा त्यांचा जुना दंडक. चहा करायचा म्हटलं की धोंडिरामला ताप यायचा. बरी पानं असताना तो कधी पॅक झाला नव्हता. त्या दिवशी पहिल्याच फेरीला झाला. बिचाऱ्याचं नशीब, असं लालासाहेब म्हणाले.

"नशीब कुठलं?" कृष्णात शांतपणे म्हणाला. "लालासाहेब, जमीन कधी हादरेल हे कोणाला ठाऊक नसतं. ज्याला फोटो हवाच होता, तो धक्क्याच्या भरवशावर बसला नसता. त्याला आत जायला दुसरी वाट हवी होती, आणि ती तुमच्या दंडकानेच दिली. पॅक व्हा, आत जा."

नाथाजी अजून गोंधळलेलाच होता. "मग गुंडाही होऊ शकला असता पॅक."

"तेच तर. गुंडाच्या हातात रद्दी होती. आत जायचं असतं तर पहिल्या फेरीलाच पॅक झाला असता. पण तो पान ओढत बसून राहिला. आणि ज्याच्या हातात तयार सिक्वेन्स, तीन राण्या आणि जोकर होता, त्याने डाव टाकला. चहा करायचा कंटाळा असलेल्या माणसाने."

सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे वळल्या. धोंडिरामने नाकारलं नाही. त्याने बंडीत हात घातला आणि फोटो घोंगड्यावर ठेवला.

"मागायचास की रं," लालासाहेब कळवळून म्हणाले. "दिला असता."

"मागितला असता तर तुमी इचारलं असतं, तुजा कुठं गेला?" धोंडिरामचा आवाज फाटला. "जालिंदरशी भांडलो आन् तवाच चुलीत घातला. म्हैन्याभरात भूकंप झाला. तुमी कुपवाडला गेल्यावर त्याचं तोंड मला कुठं दिसणार व्हतं?"

नाथाजीला त्याची दया आली, आणि रागही आला. भावाच्या तोंडासाठी या माणसाने दुसऱ्या मित्राचं तोंड काळं होऊ दिलं होतं. धोंडिराम गुंडाचे पाय धरायला वाकला. गुंडाने त्याला खांद्याला धरून सरळ केलं.

"फोटू याला द्या," गुंडा म्हणाला. मग तो लालासाहेबांकडे वळला. "त्यानं फोटू घेतला. पर माजं नाव त्यानं न्हाई घेतलं. ते तुमी घेतलंत."

लालासाहेब उठून गुंडापुढे आले. त्यांनी दोन्ही हात जोडले. इतक्या वर्षांत मुकादमाने गवंड्यापुढे हात जोडल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

गुंडाने ते हात धरून खाली केले.

"परवाची गाडी कितीला हाय?" त्याने विचारलं. "ट्रंक जड आसंल. उचलाय येतो."