दारापर्यंत सोडायला जाऊ नये

दाराजवळची जागा तुम्हीच निवडलीत, म्हणून सांगते. नाहीतर हे मी कुणाला सांगत नाही. तो कंदील जरा इकडे सरकवा. भर दुपार आहे आणि काय हा काळोख. बाकीचे सगळे आत चर्चमध्ये प्रार्थना करताहेत, करू देत. तुम्ही मोबाइलचा टॉवर दुरुस्त करायला आलात आणि या वादळात अडकलात. आमच्याकडच्या गोष्टी तुम्हाला माहीत असायचं कारण नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी मेणबत्त्या आणायला बाजारात गेले होते. एवढंच काम होतं. मेणबत्त्या, कॉफी आणि डब्यातली बिस्किटं. माझे आजोबा, लोलो इस्को, जाऊन आठवडा झाला होता आणि त्यांची शवपेटी अजून खाली किनाऱ्यावरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत होती. सामार बेटावर मयताला एकटं ठेवत नाहीत. रात्रंदिवस कुणीतरी शेजारी जागं राहतं, आणि जागणाऱ्यांना कॉफी लागते, बिस्किटं लागतात, पत्ते लागतात. परदेशी कामाला गेलेलं मूल येऊन तोंड पाहीपर्यंत पुरतही नाहीत. ते मूल म्हणजे माझी आई, नेनिता. ती पूर्वेला, समुद्रापलीकडे, पलाऊमध्ये असते. तिथल्या एका हॉटेलात चादरी धुते, त्यांना खळ घालते, इस्त्री करते. सुट्टीवर आली तरी तिच्या अंगाला खळीचा वास येतो.

दुकानात टीव्ही चालू होता. त्यावर नकाशा आणि नकाशावर एक लाल रेघ. पलाऊवरून निघालेली ती रेघ, पट्टी लावून ओढावी तशी, थेट आमच्या किनाऱ्यावर टेकली होती. मी ताक्लोबानच्या कॉलेजात भूगोल शिकलेय, अशा रेघांचा अर्थ मला कळतो. पण तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते भूगोलाचं नव्हतं. मनात आलं, हीच आईची वाट.

घरी आले तर तियो बाल्दो पेटीच्या पायथ्याशी पत्ते खेळत होते. आईचे मोठे भाऊ. ग्रामसभेचे सदस्य आहेत, म्हणून गावात त्यांच्या शब्दाला मान. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

"तियो, उठा. उद्याच्या आत टेकडीवर जायचंय. सगळ्यांनी."

"आल्या कॉलेजवाल्या बाई!" त्यांनी पत्ता आपटला. "अगं, वादळांना आमचा पत्ता पाठ आहे. येतात, पत्रे मोजतात, दोन घेऊन जातात."

मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "ही रेघ बघा."

"रेघ फोनवर आहे. समुद्रावर कुणी ओढलीय?"

सगळे हसले. मी माझ्या आजीकडे, लोला तिओफिस्ताकडे वळले. ती उशाशी बसून माळ ओढत होती.

"नेनिता आल्याशिवाय मी हलायची नाही," ती म्हणाली. "आणि त्यांना एकटं टाकून तर नाहीच नाही."

"लोला, ते गेलेत! तू जिवंत आहेस!"

"म्हणून तर मी बसलेय, इंदाय, माझ्या पोरी. मेलेल्याला जागता येतं का?"

तिच्याजवळ सगळ्याला रीत होती. घरात मयत असताना केर काढायचा नाही. पेटीच्या काचेवर आसू पडू द्यायचं नाही. मयताच्या पायांत जोडे ठेवायचे नाहीत, नाहीतर घरभर पावलं वाजतात. आणि सगळ्यांत मोठी रीत म्हणजे, भेटायला आलेला माणूस निघाला तर घरच्याने त्याला दारापर्यंत सोडायला जायचं नाही. बसल्या जागी निरोप द्यायचा. घरचं माणूस त्याच्या मागे उंबऱ्यावर गेलं, तर पुढची पेटी त्याची. आदल्याच दिवशी माझी मैत्रीण निघाली तेव्हा मी सवयीने उठले, तर लोलाने असा चिमटा काढला की दंडावर निळा डाग उमटला.

त्या रात्री आईचा फोन आला. आवाजापेक्षा वाराच जास्त होता.

"इवेल... इथे पोचलंय ते. आम्हाला शाळेत आणून ठेवलंय. अंगात ताप आहे माझ्या... विमानं बंद. ऐक, बाबांना नेऊ देऊ नकोस. मी येते."

"कशी येशील, आई?"

"कशीही येते," ती म्हणाली, आणि फोन गेला.

सकाळी टेकडीवर न्यायला ट्रक आला. शेवटचा. ट्रकवाल्यांनी सांगितलं, माणसं घेऊ, पेटी नाही. तियो बाल्दोंनी आपलं सभासदपण काढून बघितलं, त्यांनी ऐकलं नाही. मी लोलाला काखेत धरून उठवायला गेले. तिने पेटीची कडी धरली होती. तिची बोटं सोडवता सोडवता माझंच नख मोडलं. बाहेर हॉर्न वाजत राहिला, आणि मग वाजायचा थांबला. मी राहिले. प्रेमाने नाही, खरं सांगते. रागाने राहिले. तियो मात्र बहिणीला तोंड कसं दाखवू म्हणून राहिले. पत्ते खेळणारे सगळे कधीच पळाले होते.

वादळ कसं होतं ते तुम्हाला सांगायला नको, आता ऐकताच आहात. तसंच. आधी शिट्टी, मग घरघर, मग आवाजच राहिला नाही, नुसता कानांवर दाब. एकेक पत्रा उलटून गेला. भिंतींमधून पाणी गळत होतं. दिवसा आम्हाला एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. लोलाने मेणबत्ती हाताआड धरली होती आणि तेवढ्या उजेडात काचेखाली लोलोंचा चेहरा दिसत होता. त्या घरात एकट्या त्यांनाच भीती वाटत नव्हती.

आणि मग वारा पडला.

कमी होत गेला नाही. पडला, हातातून ताट पडावं तसा. छपरात पडलेल्या भोकातून ऊन आत आलं. तियो बाल्दो रडत हसायला लागले. "संपलं! बघ, संपलं! कुठे आहे तुझी रेघ?"

"हा वादळाचा डोळा आहे, तियो. अर्धंच झालंय. बाहेर जाऊ नका."

अंगणात पांढरे पक्षी उतरले होते. जमिनीवर, मोडलेल्या केळीवर, आमच्या पायरीवर. चोची उघड्या, पंख लोंबलेले. डोळ्यात सापडलेले पक्षी त्याच्याबरोबरच वाहत येतात, हे मी वाचलं होतं. पण ते आमच्याकडचे नव्हते. काळे, मोठे डोळे. आईने फोनवर फोटो पाठवले होते तसे, तिच्या हॉटेलच्या झाडावरचे.

मग वास आला. खळीचा, गरम इस्त्रीचा.

मागच्या दारावर थाप पडली.

"नाय... दार उघड. मी आले."

आईचा आवाज. तोच, शेवटी थोडा वर जाणारा. आमच्याकडे आईला 'नाय' म्हणतात; ही हाक लोलाला होती. मी हललेच नाही.

"इवेल आहे का गं आत? केस विंचरलेत का आज, की तशीच भुतासारखी?"

हे ती रोज विचारते. दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"नेनिता!" तियो बाल्दो उठले.

"तियो, नाही," मी त्यांचा सदरा धरला. "विमानं बंद आहेत. बोटी बंद आहेत. रस्ता नाहीये. विचार करा ना... कशी येईल?"

"अगं, आईला दाराबाहेर उभी ठेवतेस?"

"ती आई नाहीये..."

आम्ही दोघं भांडत होतो तेवढ्यात लोला उठली. आठवडाभर जिने पेटी सोडली नाही ती उठली, आणि कडी काढली.

मी पेटीजवळून बघत होते. दारात कुणी नव्हतं. ऊन होतं, पक्षी होते. पलीकडे खाडी दिसत होती आणि खाडीत पाणी नव्हतं. नुसता काळा चिखल, लांबपर्यंत. मला त्याचा अर्थ कळत होता, की मागे हटलेलं पाणी भिंत होऊन परत येतं.

लोलाने उजवा हात पुढे केला. आमच्यात धाकटी माणसं मोठ्यांचा हात आपल्या कपाळाला लावून आशीर्वाद घेतात. लोलाचा हात तसा पुढे गेला, कुणीतरी उचलावा तसा वर उचलला गेला, आणि वाकलेल्या कपाळाच्या उंचीवर थांबला. तिथेच राहिला. मग अलगद खाली आला. मनगटावरून पाणी ठिबकत होतं.

"किती तापलीय गं तू," लोला म्हणाली.

ती बाजूला सरली, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी. दारापासून पेटीपर्यंत जमिनीवर ओली पावलं उमटली. एकेक. माझ्या अगदी जवळून. काच धुरकटली, कुणीतरी वाकून श्वास सोडावा तशी. मी काचेवर हात ठेवला होता, तिथे तेवढी ती धुरकटली नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पावलं परत निघाली.

"नेनिता निघाली," लोला म्हणाली. "वाटेत पाणी आहे. एकटी कशी जाईल?" आणि ती त्या पावलांच्या मागे चालू लागली.

"नाय!" तियो बाल्दो ओरडले. "दारापर्यंत नाही! तूच सांगतेस ना... दारापर्यंत नाही!"

तिने ऐकलं असं वाटलं. उंबऱ्यावर थबकली. मी धावले, तिचा हात माझ्या हातात आला. तोच, ओला. तिने मागे वळून बघितलं, आणि मला चिमटा काढला. दंडावर, त्याच जागी. मी हात सोडला.

मग उजेड गेला आणि समुद्र उभा राहून आत आला.

मी रीती मानत नाही. मी भूगोल शिकलेय. पाणी का आलं, किती आलं, हे मी तुम्हाला नकाशावर दाखवीन. तिला मात्र मी वाचवू शकले नाही. तियो बाल्दोंनी माझे केस धरून मला छपराच्या वाशावर ओढून घेतलं. खाली अंधारात लोलोंची पेटी तरंगत होती आणि येऊन येऊन आमच्या पायांखाली वाशाला धडकत होती, थाप मारावी तशी. आम्ही दोघं एकमेकांचे कान झाकून बसलो.

पेटी दुसऱ्या दिवशी नारळींत अडकलेली सापडली, काच शाबूत. लोला सापडली नाही.

पुढच्या आठवड्यात फोन लागला. मी मनाची तयारी केली होती. आई गेली असणार, म्हणूनच आली होती. हेच कुणीतरी सांगेल. पण फोन आईनेच उचलला.

"इवेल? जिवंत आहेस?"

मला रडू फुटलं. मी काहीच सांगितलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "नाय गेली ना?"

"तुला कसं कळलं?"

"ताप खूप चढला होता. शाळेच्या फरशीवर पडले होते. वाटलं, घरी आलेय. बाबांना बघितलं. काचेवर कुणाचा तरी हात होता... तुझा होता का?" तिचा आवाज बारीक झाला. "निघाले तर नाय मागे यायला लागली. मी म्हणत होते, परत जा, रीत आहे, दारापर्यंत यायचं नाही. मला वळताच येईना गं. पाय थांबेनात. ती येतच राहिली."

मग ती म्हणाली, "मी आता कधी घरी येणार नाही. आणि ऐक. मी दारात आले तर उघडू नकोस. केस विंचरलेस का, असं विचारलं तरी उघडू नकोस."

वर्ष झालं. आई पैसे पाठवते, फोन करते, येत नाही. तियो बाल्दो आता आकाशात ढग आला की सगळ्यांच्या आधी टेकडी चढतात. ते बघा, तिकडे घोंगडी पांघरून पडलेत. झोपलेले नाहीत.

काल हे वादळ पलाऊवरून गेलं. रात्री आईशी बोलले. दात वाजत होते तिचे. मी विचारलं, ताप आहे का? नुसती म्हणाली, "मला बांधून ठेवायला सांगितलंय मी त्यांना. पण त्याने काय होणार, इवेल?"

म्हणून सांगते, त्या कडीला हात लावू नका. कुणी काही म्हणो. माझं नाव घेतलं तरी नाही. मी स्वतः उठले तर मला धरा. तुम्ही थोराड आहात, धरू शकाल. मला माझी खात्री नाही. वर्षभर आईला बघितलं नाहीये मी.

ऐका...

वारा पडला.

तुमच्या मागे खिडकीत तो पांढरा पक्षी केव्हापासून बसलाय? आणि हा वास... तुम्हाला येतोय का?

काका, मी तुमच्याशी बोलतेय. दार बंद आहे ना? मग तुम्ही तुमचा हात असा वर का धरलाय... कपाळाच्या उंचीवर?

त्यातून पाणी का ठिबकतंय?