जाहिरातीतली किल्लारी

लातुरात क्लासेसच्या गल्लीत समुपदेशनाचं केंद्र काढलं की पोरांची रीघ लागेल, असा माझा भाबडा समज होता. पण त्या पाटीखालचा जिना चढताना ओळखीच्या कुणी पाहिलं तर, या धास्तीनं कुणी फिरकेना. शेवटी क्लासेसचे फ्लेक्स करणाऱ्या मोहसीनभाईंना म्हटलं, मोबाइलवर जाहिरात टाका, मी ऑनलाइन बोलेन. पोरं ज्या गावांहून येतात तिथंही ती दिसावी, म्हणून नकाशावर मुरुड, औसा, निलंगा, किल्लारी अशा खुणा करायला सांगितल्या. मजकूर मीच लिहिला: 'हाक मारा, आम्ही ओ देऊ.'

ती ओळ मुळात माझ्या वडिलांच्या आठवणीतून आलेली. भूकंप झाला तेव्हा अण्णा शेतावर होते आणि सहा वर्षांची मी मुरुडला मावशीकडे. किल्लारीच्या घरात आई आणि माझी थोरली बहीण सिंधुताई. ढिगाऱ्यावर उभं राहून माणसं एकेक नाव पुकारायची, मग सगळे गप्प राहून आतून ओ येते का ते ऐकायचे. अण्णांना सिंधुताईची ओ ऐकू आली. दुसऱ्या कुणालाच आली नाही. लोकांनी त्यांना धरून बाजूला नेलं. तेव्हापासून अण्णा स्लॅबखाली झोपत नाहीत, इथंही अंगणात बाज टाकतात. दुःखात असे भास होतात, हे शिकून आल्यावर मी त्यांना नीट समजावलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ओ आली होती, एवढंच म्हणाले.

जाहिरात लागू पडली. पोरं कॅमेरा बंद ठेवूनच बोलत, त्याचं मला काही वाटेनासं झालं. त्यातच एक मुलगी आली. काळा पडदा, नाव नाही, आवाज बसलेला.

"छातीवर दाबून राहिलंय," ती म्हणाली.

हे तर एकाआड एक पोर सांगतं. मी तिला श्वास हळू सोडायला शिकवलं. तिनं मनापासून प्रयत्न केला, पण मध्येच बारीक माती ओघळल्यासारखा आवाज येई. जवळ कोण आहे, विचारलं. आई आहे, पण बोलत नाही, म्हणाली. मला त्या आईचा रागच आला. दार उघडून जरा बाहेर बस म्हटलं, तर दार कुठं आहे तेच कळत नाही म्हणाली आणि फोन बंद झाला.

ही पोर कुठली, म्हणून मोहसीनभाईंना विचारलं. त्यांनी नकाशा उघडला आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, गलती झाली. खूण जुन्या किल्लारीवर पडली. ही पोरगी तिथूनच आली म्हणून दाखवून राहिलंय. पन भूकंपानंतर तिथं कोन राहतंय? नुसत्या बाभळी हायत."

कुणीतरी चेष्टा करतंय, अशी मी मनाची समजूत घातली. ती खूण काढून टाका म्हटलं. आजउद्या काढतो, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा माझा चहा घेऊन खोलीत आले आणि नेमका तोच काळा पडदा उघडला. मी जरा कडक आवाजातच नाव विचारलं. नुसता श्वास, मी शिकवला तसा.

अण्णांनी कप खाली ठेवला. ते पडद्याशी वाकले.

"सिंधे, ओ दे गं."

माती ओघळली.

"ओ."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं. "चल घरी," एवढंच म्हणाले. पडदा मिटला. मला त्यांना समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून रडले.

त्या दिवशी अण्णांनी आपणहून बाज घरात घेतली.

सकाळी पाहिलं तर गाढ झोपेत होते. बाजेच्या अगदी कडेला. शेजारी लेकराला पुरेल एवढी जागा सोडलेली, तिच्यावर गोधडी नीट पांघरलेली.

मी गोधडी उचलली.

चादरीवर पांढरी माती होती. आमच्या जुन्या माळवदी घराच्या छतावर असायची तसली. हाताला ती कोमट लागली.

मी गोधडी होती तशी पांघरली आणि बाहेर येऊन मोहसीनभाईंना फोन लावला. ती खूण काढू नका, म्हटलं. का, त्यांनी विचारलं.

"आई अजून तिथंच आहे."