धवल्यात गुंफलेले नाव

उत्तर देण्याऐवजी त्याने नुसते एक बोट वर केले, आणि जिज्ञासाला त्याचा पहिल्याच क्षणी राग आला.

बदलापूर पश्चिमेला नगरपालिकेच्या निवडणुकीतली ती चौकसभा होती. डिसेंबरातली कोवळी थंडी, व्यासपीठाला झेंडूच्या माळा, आणि कडेला हा उंच, सावळा तरुण... गळ्यात पट्टा, पट्ट्याला सोनेरी सॅक्सोफोन. जिज्ञासा एका स्थानिक वृत्तवाहिनीची वार्ताहर. तिचा माईक दिसला की भलेभले केसांवरून हात फिरवीत. हा मात्र ओठ मिटून स्वस्थ उभा होता.

“अहो, प्रश्न विचारलाय मी! कोणत्या पक्षाचे तुम्ही?”

त्याने ओठांतून वेताची एक पातळ पट्टी काढली आणि वाद्याच्या तोंडाशी हलक्या हाताने बसवली.

“माफ करा. ही रीड ओली केल्याशिवाय वाद्य बोलत नाही; आणि ती तोंडात असली की मी बोलत नाही. पक्ष म्हणाल तर... मी जॅझचा.”

“हा पक्ष उभा आहे या प्रभागात?”

“तो उभा राहत नाही हो कधी. डोलतो.”

हसू लपवण्यासाठी जिज्ञासाला माईकची वायर उगाच तपासावी लागली.

त्याचे नाव राजस. अंबरनाथचा. वडील कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. मुलाने दोन मुलांना शिकवून आणि चार लग्नांत वाजवून दिवस काढावेत, हे त्यांना न पटलेले. उमेदवार श्यामकांतदादांना तरुणांची मते हवी होती म्हणून त्याला बोलावणे गेले होते. दादा व्यासपीठावरूनच ओरडले, “अरे राजस, तो जॅझ नीट पुसून आणलायस ना? लायटीत चमकला पाहिजे!” जॅझ हे त्या वाद्याचेच नाव, अशी दादांची समजूत होती, आणि ती दुरुस्त करण्याची प्रभागात कोणाची छाती नव्हती.

राजसने प्रचारगीताची चाल एकदा सरळ वाजवली. मग त्याने त्या चालीचा हात सोडला. सूर कुठेतरी दूर, आडवाटेने हिंडत गेले, एका जागी थबकले... शांतता पसरली. संपले असे समजून दादांनी त्याच्या गळ्यात हार घातला. राजस हारासकट पुन्हा वाजवू लागला आणि लोक पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या कचेरीत जिज्ञासाने ती चित्रफीत कापायला घेतली. कचेरी म्हणजे एकच खोली; खालच्या मजल्यावर जीन्स शिवणाऱ्या यंत्रांची अखंड घरघर. बातमीत रिकामी जागा ठेवायची नाही, हा तिच्या कामाचा शिरस्ता. बोलणाऱ्याचे अं, अं, श्वास, थांबणे, सगळे छाटायचे. तिने राजसचेही तेच केले. भटकंती गेली, थबकणे गेले. उरली अर्ध्या मिनिटाची ठसकेबाज चाल. वर मथळा दिला: ‘बदलापुरात जॅझचा जलवा!’

मग जे झाले ते कोणाच्या हातात राहिले नाही. त्या चालीवर कर्जतपासून कल्याणपर्यंत पोरेपोरी नाचू लागली. विरोधी उमेदवार म्हणाले, “नळाला पाणी नाही, आणि यांना जॅझ हवाय!” दादांनी लगेच तलावाकाठी ‘जॅझ उद्यान’ जाहीर केले. मोठ्या वाहिनीवर चार विद्वान तासभर भांडले, जॅझ आपल्या संस्कृतीत बसतो की नाही यावर. त्यातल्या एकानेही तो ऐकलेला नसावा, असे त्यांच्या आवेशावरून वाटले.

आणि एका दुपारी राजस जिना चढून आला.

“अभिनंदनाचे पेढे आणलेत?” जिज्ञासाने विचारले.

“तक्रार आणलीय. माझे श्वास कापलेत तुम्ही.”

“बातमीत श्वास ठेवत नाहीत. बघणारा पळतो.”

“पळू दे ना. जो थांबेल, त्याच्यासाठीच वाजवतो मी.” तो रागावलेला नव्हता; तिला तेच जास्त लागले. “अख्खं आहे तुमच्याकडे? ऐकलंत तरी का एकदा?”

तिने ऐकले नव्हते. फक्त कापले होते. तिने हेडफोन कानाला लावला आणि फीत सुरुवातीपासून लावली. चाल सुटली, हिंडली, थबकली... आणि त्या थबकण्यात जिज्ञासाचा जीव असा टांगला गेला, की पुढचा सूर येईपर्यंत खालची यंत्रे बंद पडल्यासारखी वाटली.

तिने वर पाहिले. तो तिच्याकडेच पाहत होता.

“आता कळलं?” त्याने हळूच विचारले.

“नाही,” ती म्हणाली. “पुन्हा लावू?”

राजसच्या इमारतीत रियाजाला मनाई होती, म्हणून तो चिखलोलीला येई. नव्या स्थानकासाठी मोकळ्या केलेल्या जमिनीच्या कडेला, गवतात उभा राहून वाजवी. चिखलोली हे जिज्ञासाचे गाव. तिथल्या जुन्या शेतकरी घराण्यांपैकी तिचे एक; भाताची खाचरे जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या, पण घरातली माणसे अजून त्यांना शेतांच्याच नावांनी ओळखत. कामावरून परतताना ती त्या गवताकडे वळू लागली.

“आज बातमी काय?” तो विचारी.

“बातमी ही की सॅक्सोफोनवाल्याने दाढी केलेली नाही.”

“अधिकृत सूत्रांकडून?”

“प्रत्यक्षदर्शी.”

‘तुम्ही’चे ‘तू’ कधी झाले, ते दोघांनाही सांगता आले नसते. तो वाजवी तेव्हा ती बांधावर बसून चप्पल काढी आणि पाय गवतात सोडून देई. त्याने कधी हात धरला नाही. एकदा फक्त तिच्या ओढणीला चिकटलेली कुसळे एकेक करून काढली, आणि ती संपल्यावरही त्याची बोटे क्षणभर तिथेच राहिली... तेवढ्यावर जिज्ञासाचा एक आठवडा गेला.

दादा निवडून आले आणि खरे संकट तिथून सुरू झाले. राजसला जो तो बोलावी. पण ऐकायची असे फक्त ती अर्ध्या मिनिटाची चाल. दवाखान्याचे उद्घाटन, गटाराचे भूमिपूजन, वाढदिवस... तो चाल सोडून जरा भटकला, की समोरून आरोळी येई, “ए जॅझवाले, वो वाला बजा ना!” लोक जिच्यावर खूश होते, ती चाल जिज्ञासाच्या कात्रीतून आली होती. ती आरोळी ऐकू आली की जिज्ञासा खाली पाही.

मे महिन्यात तो बांधावर तिच्याशेजारी बसला. वाद्य पेटीतच होते.

“मोठ्या प्रवासी बोटीवर काम मिळतंय. रोज संध्याकाळी जॅझ. खरा, अख्खा. पाच जणांचा ताफा आहे. निघालो की पाऊणएक वर्ष समुद्रावर.” त्याने पेटीची कडी उघडून पुन्हा लावली. “आणि दादा म्हणतात, इथेच राहा, महिन्याच्या पगारावर बांधून घेतो. घरचेही खूश होतील... उद्या संध्याकाळी बोटवाल्यांना उत्तर द्यायचंय.”

“तुला काय वाटतं?”

“तू एक शब्द बोल, जिज्ञासा. मी राहीन.”

दिवसभर माईकसमोर घडाघडा बोलणारी ही मुलगी, तिच्या तोंडून अक्षर फुटेना. ‘राहा’ म्हटले तर तो राहणार होता; आणि मग आयुष्यभर, उद्घाटनाची प्रत्येक फीत कापताना, प्रत्येक नारळ फुटताना, तीच अर्धी चाल वाजवणार होता. तेही तिच्यासाठी! ‘जा’ म्हटले तर त्याला वाटणार, हिला काहीच वाटत नव्हते.

“उद्या अमितची हळद आहे,” ती कशीबशी म्हणाली. अमित तिचा चुलतभाऊ. “येशील ना?”

त्याने वाद्याची पेटी उचलली. “येईन,” तो म्हणाला. त्याला हवे असलेले उत्तर हे नव्हते.

चिखलोलीच्या त्या मांडवात दुपारीच गर्दी उसळली होती. भिंतीएवढे स्पीकर, पिवळ्या साड्या, हळदीचा वास. राजस आलेला दिसताच पोरांनी गलका केला, “जॅझवाला आला! वाजव रे!” त्याने वाजवले. अर्ध्या मिनिटाची चाल, पुन्हा, पुन्हा. जिज्ञासा बायकांत बसून हळद कालवत होती. त्याचा चेहरा तिला माणसांच्या फटीतून दिसत होता. तो हसत होता, आणि नजर मात्र कुठेच नव्हती.

तेवढ्यात जनीआत्या उठल्या. जनीआत्या म्हणजे गावातल्या धवलारीण. लग्नघरात धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गायचा मान त्यांचा, आणि त्यांनी तोंड उघडले की मांडवातले बाकीचे सारे आवाज बंद, मग तो नवरदेवाचा बाप का असेना.

“बंद कर रं तुजा डबा!” त्या स्पीकरवाल्याला म्हणाल्या. मग राजसकडे वळल्या. “आनि तू रं? कवापासून त्येच त्येच वाजवतंस. पुढं येत नाय काय?”

मांडव हसला. राजसही, त्या दिवशी प्रथमच, खरोखर हसला. “येतं, आत्या. कोणी ऐकत नाही.”

“मंग ऱ्हा गप, आनि ऐक.”

त्यांनी धवला धरला. खरखरीत, जुना, न घाबरणारा आवाज. मागे बसलेल्या बायका प्रत्येक ओळ झेलून परत म्हणत होत्या. राजसने सॅक्सोफोन उचलला आणि त्या आवाजाच्या अगदी खालून, कोणाला कळणारही नाही असा एक सूर धरला. आत्यांनी तिरप्या नजरेने पाहिले. ओळ जरा लांबवली. तो तिच्या मागून गेला. त्यांनी वळण घेतले, त्यानेही घेतले. मांडवात कोणी आरोळी दिली नाही.

धवल्यात घरातल्या माणसांची नावे गुंफायची रीत होती. आत्या एकेकीसमोर जात, लेकीचे नाव घेत, तिच्या घरधन्याचे नाव जोडीत, जागच्या जागी ओळ रचीत. लग्न न झालेल्या मुली मात्र त्या ओलांडून जात. जिज्ञासासमोर आल्या, आणि सवयीने पुढे पाऊल टाकणार...

“थांबा, आत्या. माझ्याही नावाची ओळ आहे.”

आई चपापली. काकू वळल्या. जिज्ञासाचे हात मनगटापर्यंत पिवळे होते. तिचा आवाज मांडवाच्या कडेपर्यंत पोचला.

“तुजं नाव कोनाशी जोरू गो?” आत्यांनी विचारले.

“राजस. बोटीवर गेलाय, असं गा.”

सॅक्सोफोन थांबला.

“गेलाय?” आत्यांनी मागे वळून पाहिले. “ह्यो तं हितंच उभा हाय!”

बायका खदखदून हसल्या. जिज्ञासा हसली नाही. ती सरळ राजसकडे पाहत होती. सगळ्या गावादेखत, आईदेखत.

“आज कळवणार आहे तो, येतो म्हणून. जाईल. अख्खं वाजवेल. आणि मी त्याची वाट पाहीन...” तिने हळदीचे पातेले बाजूला सारले. “हे त्याला सांगायचं राहिलं होतं. तसं गा.”

राजसने सॅक्सोफोन गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवला. तो माणसांमधून वाट काढीत पुढे आला आणि तिच्यासमोर खाली, सतरंजीवर बसला. तिच्या ओल्या, पिवळ्या बोटांवर त्याने आपला हात ठेवला, आणि होकारार्थी मान हलवली. त्याचे डोळे भरले होते.

आत्यांनी दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. जिज्ञासाच्या आईकडे पाहिले; आईने पदराने तोंड झाकले होते, पण उठून गेली नव्हती. मग त्यांनी डोळे मिटले आणि गाऊ लागल्या. समुद्र ज्यांनी मुंबईपलीकडे पाहिला नव्हता, त्या बायकांनी राजसचे नाव झेलले, बोटीत बसवले, किनारा सोडला. त्या ओळीत तो दूर, फार दूर गेला. परत येण्याची ओळ आत्यांना अजून सुचायची होती; आणि मांडवातली सारी माणसे, ती दोघे धरून, आत्यांच्या तोंडाकडे पाहत बसली होती.